आईचा रिपोर्ट

"माझं ओळखपत्र कुठंय?" फहरियेनं विचारलं, आणि अंगणातले सगळे एकदम कामाला लागले.

एरवी ही मंडळी इतकी कामसू नाहीत, हे आमच्या उतारावर कुणीही सांगेल. मुहसिननं नीट अंथरलेली ताडपत्री पुन्हा ओढली. नेजला भरलेली किटली भरायला आत गेली. आणि थोरल्या फेरिदुननं न वाजलेला फोन कानाला लावून "हो, हो, बोला" म्हणत कुंपणापर्यंत फेरी मारली. मुहसिनची बायको गुल्तेन तेवढी जागची हलली नाही. ती सासूशेजारी बसून हेझलनटची हिरवी टरफलं काढत होती, ती काढत राहिली. फक्त मान आणखी खाली गेली.

"गुल्तेन, तुला विचारतेय."

"मोठ्या भाऊजींकडे असेल, आई. इस्पितळात लागलं होतं ना."

"इस्पितळ होऊन वसंत गेला, उन्हाळा सरत आला. ते अजून तिथंच झोपलंय का?"

गुल्तेननं पुढचं टरफल सोलायला घेतलं. फहरियेनं एक फळ दातानं फोडलं, आतला पांढरा गर बघितला आणि थुंकून टाकला. मनात म्हणाली, शिजतंय. काहीतरी शिजतंय.

आणि तिचं तरी काय चुकलं? दरवर्षी बागेच्या तोडणीला तिची पोरं येतात ती पाहुण्यासारखी. फेरिदुन इस्तंबूलहून येतो, दुसऱ्या दिवशी त्याच्या कमरेत उसण भरते, तो निघून जातो. नेजला गिरेसूनला शाळेत शिकवते. ती येते ती वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला. मुहसिन तर खालच्याच मजल्यावर राहतो, पण वर येतो तो सणाला. यंदा बघावं तर फेरिदुन स्वतः पोती उचलतोय! नेजला गुल्तेनच्या काळ्या कोबीच्या कालवणाला चक्क छान म्हणाली. मुहसिन रोज सकाळी दारात उभा, "आई, झोप लागली का?" पोटची पोरं एवढी गोड वागायला लागली की शहाण्या बाईनं आधी जमिनीचे कागद जागेवर आहेत का ते बघावं.

त्यात परवा तिनं ते ऐकलं. ती न्हाणीघरात होती आणि बाहेर फेरिदुन नेजलाला दबक्या आवाजात सांगत होता, "आईचा रिपोर्ट तिच्या हाती लागता कामा नये. मी डॉक्टरांशी बोललोय. विषय संपला."

रिपोर्ट! शहरातल्या माणसाला त्या शब्दात रक्त आणि लघवी दिसेल. आमच्याकडे पासष्टी उलटलेल्या माणसाच्या कानाला तो वेगळाच लागतो. म्हाताऱ्यानं जमीन विकायची म्हटली की नोंदणीवाले आधी डॉक्टरचा रिपोर्ट मागतात, डोकं ठिकाणावर आहे का म्हणून. आणि रिपोर्ट उलटा आला की कोर्ट पोरालाच पालक नेमतं. मग म्हातारा आपल्याच बागेत परका. ओढ्यापलीकडच्या रिफ्कीचं तेच झालं. पोरांनी "चला, रक्तदाब बघू" म्हणून नेलं आणि डॉक्टरनं त्याला वार विचारला. रिफ्कीनं चुकीचा सांगितला. घरी बसलेल्या माणसाला वार हवा कशाला? पुढच्या वर्षी त्याच्या बागेवर बुलडोझर फिरत होता आणि रिफ्की मुलीच्या घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघत होता.

फहरियेला मग सगळं लख्ख दिसलं. वसंतात तिच्या आतड्यातली गाठ काढली होती. "साधी सूज होती, काढली, झालं," असं सगळ्यांनी सांगितलं आणि तिनं मानलंही. पण त्या इस्पितळातच पोरांनी तिच्या डोक्याचाही रिपोर्ट करून घेतला असणार. म्हणून ओळखपत्र दाबून ठेवलंय.

तेव्हापासून ती रोज उठल्याबरोबर वार, तारीख, महिना आणि आपल्या पाचही भावंडांची नावं मोठ्यानं म्हणायला लागली. कुणी अचानक विचारलं तर अडायला नको. आणि गंमत बघा, ते ऐकून भिंतीपलीकडे फेरिदुनचं काळीज लक्कन हललं. त्याला वाटलं, डोक्यापर्यंत पोचलं.

काय पोचलं, ते मात्र घरात कुणी उच्चारत नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर त्या रोगाचं नाव घेत नाहीत. "तो" म्हणतात. समुद्रापलीकडची अणुभट्टी फुटून उत्तरेकडून तो विषारी ढग आला होता, त्या वर्षापासून तो घराघरात येऊन बसलाय, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर ते मान हलवतात, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नाही.

*

"तिला कुणीतरी काहीतरी सांगितलंय," फेरिदुन म्हणाला. पोती ठेवायच्या खोलीत तिघं भावंडं उभी होती. गुल्तेन चहाचा ट्रे घेऊन आली तसा तो थांबला आणि तिच्याकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघता, भाऊजी?" गुल्तेन म्हणाली. "मी शपथ घेतलीय. तुम्ही सगळ्यांनी मिळून घ्यायला लावलीत."

ती ट्रे पोत्यावर ठेवून गेली. नेजलानं तिच्या पाठीकडे बघून नाक मुरडलं. नेजलाचा पहिला संशय सवयीनं वहिनीवरच जायचा. पण आज तो तिथं टिकेना. तो फिरून फिरून दादाकडे येत होता. इतके महिने डॉक्टरांशी बोलला तो दादा. कागद आणले त्यानं. सरकारच्या त्या आरोग्याच्या ॲपवर आईचं खातं उघडलं त्यानं, आणि फोन नंबर घातला तोही स्वतःचा. नेजलाच्या मनात आलं, आम्हाला कळलं ते सगळं याच्या तोंडून. आणि याच्या तोंडून लहानपणापासून आम्हाला काय काय कळत आलंय!

"दादा, डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते?"

"किती वेळा सांगू? उशीर झालाय म्हणाले. उगाच हाल करू नका म्हणाले."

"याच शब्दांत?"

"मग काय, रेकॉर्ड करून आणायला हवं होतं मास्तरीणबाईंसाठी?"

"रेकॉर्ड आहेच ना. ॲपवर सगळं असतं. उघड की."

"नेजला, इथं रेंज नाही."

"आत्ता तर तू कुंपणापाशी गप्पा मारत होतास," मुहसिन म्हणाला.

दोघांनी वळून बघितलं. मुहसिन दादासमोर बोलत नाही, हा या घराचा नियमच होता. बोलला तो पण चहात साखर ढवळत, खाली बघत.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?" फेरिदुन म्हणाला.

मुहसिन ढवळत राहिला. "दाखवलंस तर बसेल."

फेरिदुनचा चेहरा लालबुंद झाला. "वा रे वा! बाबांच्या वेळी कुठं होतास तू? सैन्यात, मजेत! ही कुठं होती? कॉलेजात! बाबांच्या उशाशी बादली धरून मी बसलो होतो. मी! तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. आता मला शिकवताय?"

तो तरातरा निघून गेला. चहा तसाच राहिला. नेजला आणि मुहसिन एकमेकांकडे बघत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच दोघं एका बाजूला आले होते, आणि दोघांनाही त्याची सवय नव्हती.

"ॲप उघडून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं याचं?" नेजला म्हणाली.

"तेच तर," मुहसिन म्हणाला.

*

दुपारी गुल्तेन कोबीची पानं खुडायला वाफ्यात वाकली, तर सासू मागं येऊन उभी.

"गुल्तेन, तू माझ्या बाजूची की त्यांच्या?"

गुल्तेन पानं खुडत राहिली. या घरात येऊन इतकी वर्षं झाली. पहिली काही वर्षं तर याच बाईनं तिला रडवलं होतं, मक्याच्या भाकरीला चीर गेली म्हणून, पडदे आखूड झाले म्हणून. पण वसंतात ऑपरेशननंतर तिला आंघोळ घातली ती गुल्तेननं, पोटावरचा टाका धुतला तो गुल्तेननं. पोटच्या लेकीला ते बघवलं नाही. रोज खरकटं काढताना ताटातलं अर्धं जेवण परत जाताना दिसायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. सांगितलं तर जन्माची चुगलखोर सून. नाही सांगितलं तर रोज या डोळ्यांकडे बघायचं.

"आई, मी काही सांगू शकत नाही. मला शपथ घातलीय."

"म्हणजे सांगण्यासारखं आहे."

गुल्तेननं पानांचा भारा छातीशी धरला. मग एकदम भडाभडा बोलली, "तुमचं जे काय आहे ना इस्पितळातलं, ते बघायचा हक्क तुमचा आहे. माझं मी बघते की फोनवर, थायरॉइडचं. कुणाला विचारावं लागत नाही. पोस्टात जायचं आणि पासवर्ड मागायचा. स्वतः जावं लागतं पण, ओळखपत्र घेऊन. मुलाला देत नाहीत, नवऱ्याला देत नाहीत. तुमचं तुम्हालाच."

"माझा रिपोर्ट पोस्टात आहे?"

"पासवर्ड पोस्टात. रिपोर्ट फोनमध्ये."

"आणि फोन?"

"माझा आहे ना," गुल्तेन म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली. पण शब्द गेला होता.

फहरिये तिथून जी निघाली ती थेट अंगणात. तोडणीचे मजूर नुकतेच जेवायला बसले होते. दक्षिणेतून आलेल्या बाया, त्यांचे नवरे, बाजूला मुकादम, आणि भांडं परत द्यायच्या निमित्तानं आलेली शेजारीण हलीमे. हलीमे असली म्हणजे गावभर दवंडी पिटायची गरज नाही.

"फेरिदुन!" फहरिये कडाडली. "माझं ओळखपत्र का चोरलंस?"

चमचे थांबले.

"आई, काय बोलतेस? सांभाळून ठेवलंय."

"मग सांभाळून दे. की आईचा हात लागला तर झिजेल?"

मुकादमानं खाली बघितलं. हलीमे मात्र वर बघत होती, अगदी आवडीनं. एवढ्या लोकांत काय करेल माणूस? फेरिदुननं पाकीट काढलं, ओळखपत्र आईच्या तळहातावर ठेवलं आणि कसंनुसं हसला.

"कुठं निघालीस?"

"पोस्टात. पत्र टाकायचंय."

*

खालच्या गावातल्या पोस्टात पंखा होता, गर्दी नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं ओळखपत्र घेतलं, चेहरा जुळवला, कळफलक बडवला.

"फहरिये हानिम, इथं नोंदलेला मोबाइल तुमचाच ना?" तिनं आदरानं 'हानिम' लावत विचारलं आणि शेवटचे आकडे वाचले.

"हा माझा नव्हे. थोरल्याचा."

"सोयीसाठी घातला असेल मुलानं."

"हो. त्याच्या सोयीसाठी. काढा तो. माझा घाला."

मुलीला हसू आलं, पण तिनं नंबर बदलला आणि पासवर्डचा चिकटवून बंद केलेला कागद पुढे केला. म्हणाली, "हा कुणाला दाखवू नका, मावशी. मुलालाही नाही." फहरियेला ती मुलगी फारच आवडली.

समुद्राकाठच्या चहाच्या बागेत दोघी सासू-सुना बसल्या. गुल्तेन घाईघाईनं आकडे दाबत होती. दोनदा पासवर्ड चुकला. शेवटी पान उघडलं. फहरियेनं चष्मा लावला आणि फोन आपल्याकडे ओढला.

"कुठं लिहिलंय?"

"काय, आई?"

"मी वेडी आहे असं. कुठं लिहिलंय?"

गुल्तेन तोंडाकडे बघतच राहिली. "वेडी?"

"रिपोर्ट, गं! बागेसाठी! मला खुळी ठरवून रिफ्कीसारखं सोफ्यावर बसवणार आहेत ना? म्हणून तर मी रोज वार पाठ करतेय!"

गुल्तेनला आधी हसू फुटलं आणि मग डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन्ही एकदम. "नाही हो आई! असलं काही नाही. तुमच्या डोक्याचा कुणी रिपोर्ट काढला नाही. बागेचा विषयसुद्धा नाही. देवाशपथ!"

"खरं?"

"खरंच."

"अल्लाहची कृपा!" फहरियेनं टेबलावर हात आपटला. "आणि मी पोरांना मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या! माझ्या फेरिदुनला कसाई म्हटलं मी. तोबा, तोबा!" तिनं आणखी चहा मागवला, तिळाचा पाव मागवला आणि अर्धा गुल्तेनच्या हातात कोंबला. कित्येक आठवड्यांत तिला अशी भूक लागली नव्हती. घास तोंडात असतानाच ती थांबली.

"मग एवढं लपवताय काय?"

 फहरियेनं बोट काचेवर ठेवलं आणि हळूहळू वर सरकवायला लागली. लॅटिन शब्दांतलं तिला काही कळलं नाही. पण एका ओळीत विभागाचं नाव होतं, आणि ते तिला वाचताही आलं नसतं तरी आकारावरून ओळखता आलं असतं. ऑन्कोलॉजी. नवऱ्याच्या, इझ्झेतच्या आजारपणात, औषधाची वाट बघत याच पाटीखाली तिनं एक अख्खा हिवाळा काढला होता.

तिनं हातातला पाव बशीत ठेवला. मग म्हणाली, "पाव संपव."

पुढचं तिनं बोट ठेवून शब्द शब्द वाचलं. औषधोपचार सुचवला. वेळेत सुरू केल्यास फायदा अपेक्षित. मुलाशी चर्चा झाली. रुग्णास निदान सांगू नये व उपचार नको, असं मुलानं कळवलं.

"'फायदा अपेक्षित' म्हणजे काय?"

"म्हणजे..." गुल्तेननं ती ओळ पुन्हा वाचली. हे तिलाही नवीन होतं. तिलाही सगळ्यांसारखंच सांगितलं होतं, की उपाय नाही. "म्हणजे उपयोग होईल असं डॉक्टरांना वाटत होतं."

"हे कधीचं?"

"मे महिन्याचं. आई, आता..."

"आता ऑगस्ट आहे," फहरिये म्हणाली. "ठाऊक आहे मला. पाठ केलंय."

*

नंबर बदलल्याचा संदेश फेरिदुनच्या फोनवर दुपारीच आला होता. तेव्हा तो पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. तो तसाच उभा राहिला आणि मग पोतं खाली ठेवून त्यावर बसला. पळून जावं असं एकदा मनात आलं. गाडीची किल्लीही चाचपली. पण पन्नाशीचा माणूस आईच्या अंगणातून पळून जाणार कुठं?

संध्याकाळी समुद्राकडून ढग चढले. वाळत घातलेली रास गोळा करून झाकायची घाई उडाली होती, तेवढ्यात फाटक वाजलं.

"आई, आत हो, पाऊस येतोय," फेरिदुन म्हणाला.

"येऊ दे. फेरिदुन, मला कॅन्सर आहे?"

तो शब्द त्या अंगणात असा उघडा कुणी उच्चारला नव्हता, इझ्झेत गेला तेव्हाही नाही. नेजलाच्या हातातलं खोरं खाली पडलं.

"तुला ठाऊक होतं," फहरिये तिला म्हणाली. "मुहसिन, तुलाही. हलीमेला?"

कुणी वर बघेना.

"हलीमेलाही! म्हणजे या उतारावर मी आणि शेळ्या, एवढ्यांनाच ठाऊक नव्हतं."

"आई, आम्ही तुझ्याच भल्यासाठी..." नेजला रडायला लागली. "उपाय नव्हता ना गं. मग निदान शांतपणे तरी... दादाला डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"गुल्तेन, वाच."

"आई, मी कशाला?"

"वाच म्हणते ना! माझा चष्मा ओला झालाय."

गुल्तेननं वाचलं. एक शब्द गाळला नाही. "फायदा अपेक्षित" वाचलं तेव्हा मुहसिननं दादाकडे बघितलं आणि "मुलानं कळवलं" वाचलं तेव्हा नेजलाचं रडणं थांबलं.

"तू आम्हाला खोटं सांगितलंस," ती म्हणाली. "कशासाठी? दादा, बागेसाठी?"

"बाग घाला चुलीत!" फेरिदुन एवढ्या जोरात ओरडला की खालचे मजूर वर बघायला लागले. "मला बाग नको, काही नको! बाबांना ते औषध टोचत होते तेव्हा मी धरून ठेवायचो त्यांना. नखं काळी पडली होती. रोज म्हणायचे, फेरिदुन, मला घरी ने. नाही नेलं मी. आणि तरी गेलेच ना ते? आता परत? आईला? मला तुला तसं बघायचं नव्हतं, आई!"

"तुला बघायचं नव्हतं," फहरिये म्हणाली. "म्हणून मी मरायचं?"

फेरिदुन मागं सरकला.  मग त्याला जे सापडलं ते त्यानं फेकलं. "आणि लपवायला कुणी शिकवलं आम्हाला? बाबांना 'फुप्फुसात सर्दी उतरलीय' कुणी सांगितलं? आम्हाला कुराणावर हात ठेवायला कुणी लावलं? तूच ना!"

पावसाचे थेंब ताडपत्रीवर वाजायला लागले.  फहरिये पोत्यावर बसली.

"मीच," ती म्हणाली. "खरंय. मीच केलं ते. तुम्हाला एक ठाऊक नाही. शेवटी शेवटी त्यांनी मला विचारलं होतं. फहरिये, खरं सांग, मी यातून उठणार नाही ना? मी म्हटलं, काहीतरीच काय, पुढच्या तोडणीला तुम्हीच मजुरांवर ओरडाल. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. परत माझ्याशी बोलले नाहीत. पाणीसुद्धा मागितलं नाही. मला वाटायचं, औषधानं वाचा गेली. आज त्या चहाच्या टेबलावर मला कळलं, ते का बोलले नाहीत."

फेरिदुन तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटत होता, पण ठेवला नाही.

"मी तुझ्यावर रागावलेय. खूप. हा राग किती दिवस राहील मला ठाऊक नाही. दिवस किती आहेत तेच ठाऊक नाही. कदाचित मी पण डॉक्टरांना नकोच म्हणेन. पण ते मी म्हणेन. कळलं सगळ्यांना? आता उठा आणि रास झाका. वर्षाची कमाई भिजतेय."

*

डॉक्टरांची वेळ तिनं स्वतः घेतली, गुल्तेनच्या फोनवरून, स्वतःच्या बोटानं. तरी इस्पितळात तिन्ही पोरं आली. कुणा एकावर सोपवायची कुणाचीच तयारी नव्हती. मुहसिन मध्ये बसला, कारण नेजला दादाशेजारी बसेना.

दार उघडून परिचारिका डोकावली. "फहरिये हानिमचे नातेवाईक? आत या जरा. पेशंटला बाहेरच बसू दे."

तिघंही उठले, सवयीनं, एकदम.

"बसा," फहरिये म्हणाली. तिघंही बसले. ती परिचारिकेसमोर जाऊन उभी राहिली. "नातेवाईक बसलेत. पेशंट आत येतेय. सरक, बाजूला हो."

आतला डॉक्टर तरुण होता. त्यानं तिच्या खांद्यामागं बघितलं, कुणीतरी येईल म्हणून थोडा थांबला.

"सोबत कुणी नाही, मावशी?"

"आहेत, बाहेर तिघं. धडधाकट."

"मग मुलाला बोलावू या का? मागच्या वेळी आपलं सगळं बोलणं त्यांच्याशीच..."

"डॉक्टर, मे महिन्यात तुम्ही त्याला जे सांगितलंत, ते आधी मला सांगा. मग आज काय आहे ते सांगा. कमी करून सांगू नका आणि माझ्याऐवजी दाराकडे बघू नका."

डॉक्टरनं एकवार तिच्याकडे नीट बघितलं. मग टेबलावरचा संगणकाचा पडदा तिच्या बाजूला वळवला. फहरियेनं डोईच्या रुमालाच्या टोकानं चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि वाचायला लागली.

बाहेर बाकावर तिघं जण बंद दाराकडे बघत होते. आत काय बोलणं चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि ती बाहेर आल्यावर सांगेल की नाही, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.